सकाळची आंघोळ, तिसऱ्या मावशी आणि स्टीलचा तांब्या: पुण्यात हे कुणी शिकवतं का?

वाड्यातला | मंगळवार, रात्री 11.40

नमस्कार. लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी मागतो.

बाबा 84 वर्षांचे. 2021 साली डिमेन्शियाचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, मिक्स्ड आहे. अल्झायमर आहेच, शिवाय मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचंही दुखणं आहे. बाबांनी उभं आयुष्य नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यात घालवलं. कंपोझिटर. आता माझं नाव आठवायला त्यांना वेळ लागतो, पण पेपर उलटा हातात पडला तर मथळा उलट्यानेच वाचून दाखवतात आणि वर ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढतात.

विसरण्याचं आम्ही जमवून घेतलंय. "मी जेवलो का?" याला दहा वेळा "जेवलात" म्हणायला काही पैसे पडत नाहीत. घोडं अडलंय ते सकाळच्या आंघोळीपाशी. आठवड्यातून चार-पाच दिवस मारामारी होते, आणि मी मारामारीच म्हणतोय. स्टुलावर बसवलेलं असतं, मागे बादली भरत असते, तयारी चालू असते आणि एकदम हात उठतो. शिव्याही येतात. आम्ही जन्मात त्यांच्या तोंडून "गाढवा"च्या पुढे काही ऐकलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या गालाच्या हाडावर तांब्या बसला. स्टीलचा, भरलेला. पाच महिन्यांतल्या या तिसऱ्या मावशी. डोळ्याखाली निळं झालं होतं, तशाच स्वयंपाकघरात बसून त्यांनी चहा घेतला आणि म्हणाल्या, "दादा, म्हाताऱ्याचा राग नाही मला. पण मार खायचा पगार ठरला नव्हता." मला यावर उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मावशी पाठवणाऱ्या ब्यूरोला फोन केला. "ट्रेन्ड बाई पाठवतो, तीन हजार जास्त पडतील." म्हणजे बारा तासांचे महिना 24,000. म्हटलं, पाठवा. ट्रेन्ड बाईंनी आल्या आल्या बाबांना "बाळा" म्हणायला सुरुवात केली. "शहाणं बाळ ना माझं? मग हात वर करा बघू!" ज्या माणसाने नामवंत लेखकांना प्रुफावरून झापलंय, त्याला! दुसऱ्या दिवशी मी किल्ली विसरलो म्हणून इथल्याच, सदाशिव पेठेतल्या भिकारदास मारुतीपासून परत फिरलो, तर बाबा कमोडच्या खुर्चीत आणि दोन्ही मनगटं खुर्चीच्या दांड्यांना ओढणीने बांधलेली. बाई म्हणाल्या, "आम्हाला असंच शिकवलंय." बाबा माझ्याकडे बघत होते, पण मला हाक मारत नव्हते. त्या बाईंना मी त्याच पावली घालवलं. सध्या मी रजेवर आहे.

आता आमच्या घरातलं संशोधन. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा बाबा विशीच्या आतबाहेरचे, छापखान्यात नवेच लागलेले. पाणी छापखान्यात शिरलं, खिळ्यांच्या केसी (खणांचे ट्रे) गाळात गेल्या, आणि पुढे कित्येक दिवस ही मंडळी चाळणीत खिळे धुऊन निवडत बसली होती. ही गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकली आहे की ते खिळे मीच धुतले असं मला कधीकधी वाटतं. तर बायकोचं म्हणणं, बादलीत धो धो पाणी पडतं त्या आवाजाने बाबांना पूर आठवतो आणि ते घाबरून मारतात. ठाण्याच्या बहिणीलाही हे एकदम पटलंय. मलाही. म्हणून आम्ही बादली आधीच भरून ठेवायला लागलो. त्याने कधी फरक पडतो, कधी नाही.

दुसरं, संध्याकाळी साडेपाचपासून "घरी चला" सुरू होतं. गंमत म्हणजे यात त्यांचं चुकत नाही. पत्ता तोच आहे, पण वाडा पाडून बिल्डिंग झाली. त्यांचं घर खरंच तिथे नाही.

तर विचारायचंय ते असं. अशा वागण्याला तोंड कसं द्यायचं हे मावशींना नीट शिकवणारं पुण्यात कुणी आहे का? आणि आम्हाला? हात उगारला तर त्या क्षणी काय करायचं? मनगट धरलं तर सोडवायचं कसं? आश्रमांची यादी कृपया देऊ नये, ती माझ्याकडे आहे.

---

कोथरूडचा_काका | बुधवार, सकाळी 7.05

आमच्या सासऱ्यांना रात्रीची अर्धी गोळी सुरू केली होती. दिवसभर शांत बसायचे. डॉक्टरांना विचारून तुम्हीही करा, शिकवण्याबिकवण्याच्या भानगडीत वेळ जाईल.

बाकी तांब्या स्टीलचा कसा असेल? तांब्या तांब्याचा असतो.

---

वाड्यातला | बुधवार, सकाळी 7.20

काका, गालावर बसला तेव्हा धातू विचारायचं राहून गेलं.

---

पांढरी_टोपी | बुधवार, दुपारी 3.15

निवृत्त सिस्टर आहे. 31 वर्षं वॉर्डात काढली. आता शनिवारी दुपारी पर्वती पायथ्याला आठ-दहा जणींना घेऊन बसते. वर्ग म्हणवत नाही त्याला, चटईवर बसून बोलणं असतं.

आधी गोळीचं, कारण ते वाचून राहवत नाही. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन या शांत करणाऱ्या जातीच्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 सालीच दिलाय. कधीकधी द्याव्या लागतात, मीही दिल्यात. पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी डोसने आणि थोड्या दिवसांसाठी. लेवी बॉडी नावाचा डिमेन्शिया असेल तर अशा गोळीने माणूस लाकडासारखा ताठ होतो. "दिवसभर शांत बसायचे" हे ऐकून मला बरं वाटत नाही.

वाड्यातले, पहिला प्रश्न. हे मारणं दोन-तीन दिवसांत अचानक वाढलं की हळूहळू? अचानक असेल तर उद्याच्या उद्या डॉक्टर गाठा. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, रक्तातलं सोडियम उतरणं, नवीन सुरू केलेलं औषध, यातल्या कशानेही म्हातारा माणूस एका रात्रीत भ्रमिष्टासारखा वागू लागतो. आपण म्हणतो डिमेन्शिया वाढला. संसर्ग बरा झाला की माणूस पुष्कळसा मूळपदावर येतो.

हळूहळू असेल तर वही घ्या. शनिवारच्या माझ्या मुलींना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते: आधी काय चाललं होतं, मग त्यांनी नेमकं काय केलं, आणि त्यावर आपण काय केलं. तीन रकाने. "चिडले" असं लिहायचं नाही. "आक्रमक झाले" असलं तर मी पान फाडते. लिहायचं कसं, तर "7.40, डाव्या हाताने ढकललं, मी तेव्हा पाठीमागे होते." दोन आठवडे लिहा. पानशेतची गोष्ट सुंदर आहे, पण ती तुम्हाला पाठ आहे म्हणून तुम्हाला सुचली. बाबांच्या मनात तीच आहे कशावरून?

दुखणं तपासा. सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही असं नव्हे. यासाठी पेनॅड नावाची साधी मोजणी आहे. त्यात पाच गोष्टी बघतात: श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, अंग कसं धरलंय, आणि समजावल्यावर निवतात का. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. आंघोळीच्या आधी, मध्ये आणि नंतर आकडा टाकत चला.

आंघोळीबद्दल. डोक्यावर पहिला तांब्या कधीही ओतायचा नाही. पायापासून सुरुवात करायची आणि डोकं शेवटी. जमत नसेल तर डोकं आज राहू दे, शुक्रवारी बघू. खांद्यावर मोठा पंचा टाकून तो अंगावरच ठेवायचा आणि खालून धुवायचं. परक्या बाईने उघडं केलं तर तुम्हीआम्हीही हात उगारू. दोघं असाल तर बोलायचं एकानेच. आणि हातात काही द्यायचं, साबण, पंचा, काहीही. तुमच्याकडे तांब्या दिला गेला, तेवढं सोडून.

हात उगारला तर पुढे जायचं नाही, एक पाऊल तिरकं मागे यायचं. हात खाली, तळवे दिसतील असे. गप्प राहायचं. "असं करू नये बाबा" वगैरे त्या वेळी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, नुसता आवाज पोचतो. मनगट धरलं तर ओढू नका, ओढलं की पकड घट्ट होते. त्यांचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे पकड कच्ची असते. आपलं मनगट अंगठ्याच्या बाजूला वळवून अलगद काढायचं. हे वाचून येत नाही. बायकोशी दहा वेळा करून बघा.

बांधायचं नाही. बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी जास्त मारतो, आणि त्याच्या जागी मीही मारीन. "बाळा"सुद्धा नको. इंग्लंडात ब्रॅडफर्डला टॉम किटवूड म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते. चांगल्या मनाची माणसंही डिमेन्शियाच्या रुग्णाला कशी नकळत खच्ची करतात, त्याची त्यांनी एक यादी केली. पोरासारखं वागवणं, फसवणं, घाई करणं, त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलणं, असे सतरा प्रकार आहेत त्यात. वाचताना मला माझाच वॉर्ड दिसत होता.

शिकवणाऱ्यांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेचं "आयसपोर्ट" हे घरच्यांसाठीचं साहित्य फुकट आहे. त्याचे पाच भाग आहेत आणि शेवटचा भाग सगळा वागणुकीवरच आहे. तो आधी तुम्ही वाचा. अल्झायमर्सवर देशभर काम करणारी, 1992 साली केरळात सुरू झालेली संस्था आहे, ए.आर.डी.एस.आय., तिथे चौकशी करा. ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाइन आहे. तुमचाच धीर सुटायला लागला तर टेलिमानस, 14416. तिथे मराठीत बोलतात.

ब्यूरोकडे सर्टिफिकेट मागू नका. बाई आली की दारातच विचारा, "बाबा म्हणाले मला घरी जायचंय, तर तुम्ही काय म्हणाल?" "हेच तुमचं घर आहे असं समजावीन" म्हणाली तर अजून शिकायची आहे. "घरी कोण कोण असतं हो, असं विचारीन" म्हणाली तर तीन हजार जास्त द्या.

---

वाचनमात्र | बुधवार, रात्री 9.50

सिस्टर, हे छापून फ्रिजवर लावलंय. धन्यवाद. आमच्याकडे आई आहे. ऑगस्ट उजाडला आणि ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आठ वाजता ती पलंगाखाली शिरायला बघते. यंदा वही घालणार.

---

सुट्टी_रविवारी | गुरुवार, दुपारी 2.30

मी मावशीच आहे. मोबाइलवर बोलून लिहिते, चुका पोटात घाला.

नऊ वर्षं ड्युटी करते. कोर्स केलाय. बीपी, डायपर, कूस बदलणं, नळीतून जेवण, सगळं शिकवलं. डोक्याने गेलेल्या माणसाचं किती शिकवलं, तर अर्धा दिवस. त्यात पण सर उशिरा आले. आणि कामं आजकाल सगळी तसलीच येतात.

मार मी पण खाल्लाय. मार लागतो त्याचं काही नाही, बर्फ लावला की उतरतो. पण घरातले येऊन विचारतात, "तुम्ही काय केलंत त्यांना?" ते नाही उतरत.

या दादांनी मावशीला चहा दिला, गालाचं लिहिलं, ते वाचून बरं वाटलं. पण दादा एक विचारते. पहिल्या दिवशी तुम्ही त्यांना काय काय सांगितलं होतं? मला बिबवेवाडीला एका घरी सूनबाईंनी एवढी जाड फाइल दिली. रिपोर्ट, एमआरआय, सगळं होतं. फाइलमध्ये चहा नव्हता. आजी बशीतून पितात, कपाने दिला की थुंकतात, हे मला कळायला अकरा दिवस लागले. तोपर्यंत त्या माझ्या अंगावर थुंकत होत्या आणि घरचे म्हणत होते आजी फार अग्रेसिव आहेत. बाबांना कुठल्या कानाने ऐकू येतं, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, आधी काय काम करायचे, हे सांगता का तुम्ही? आम्हाला "पेशंट मेल, 84" एवढंच सांगून पाठवतात.

अजून एक. नवीन घरी पहिले तीन दिवस मी आंघोळ घालतच नाही. नुसती बसते, वाटाणे सोलते, त्यांना पण सोलायला देते. ब्यूरोवाले ओरडतात. ओरडू दे.

---

पांढरी_टोपी | गुरुवार, दुपारी 4.00

सुट्टी_रविवारी, एखाद्या शनिवारी पर्वतीला या. शिकायला नाही, बोलायला. देशात साठीपुढच्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के आहे, म्हणजे 88 लाख माणसं, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. आणि कोर्समध्ये अर्धा दिवस, त्यात सर उशिरा.

---

वाड्यातला | मंगळवार, रात्री 10.55

मूळ पोस्टला दोन आठवडे झाले, वही भरत आली. कुणी अशीच पोस्ट शोधत आलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आधी कबुली. सुट्टी_रविवारी यांनी विचारलं ते आम्ही कुठल्याच मावशींना सांगितलं नव्हतं. बाबांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, हेसुद्धा नाही. बाथरूम अशी आहे की आंघोळ घालणारा माणूस डावीकडेच उभा राहतो. म्हणजे तिन्ही मावशी बाबांच्या लेखी भिंतीतून हात काढत होत्या.

आता वही. काही नोंदी जशाच्या तशा देतो.

"बुधवार, 7.35. बादली भरत होती, नळ पूर्ण सोडलेला. बाबा नळाकडे बघत होते. म्हणाले, पाण्याला जोर आहे आज. मारलं नाही. 7.45, गंजीफ्रॉक काढताना डाव्या हाताने माझ्या छातीवर मारलं. मी थांबलो. दुखणं 6."

"शुक्रवार. गीझर बंद, आंघोळ नाही. फक्त कपडे बदलले. तरी मारलं. गंजीफ्रॉक. दुखणं 6."

"रविवार. बायकोने घाईत गंजीफ्रॉक अंगावर असतानाच पाणी घातलं. डोक्यावरून! (सिस्टर, सॉरी.) काहीच झालं नाही. बाबांनी 'गार आहे' म्हटलं आणि साबण मागितला. दुखणं 1. नंतर ओला गंजीफ्रॉक काढताना चावले."

रविवारी रात्री ही पानं मी आणि बायको डायनिंग टेबलावर घेऊन बसलो. ती मुलांच्या उत्तरपत्रिका तपासते तशी लाल पेनाने खुणा करत गेली. अकरा वेळा मारलं होतं. अकराही वेळा कपडा डोक्यावरून जात होता. पाणी मारलेल्या दिवशीही होतं आणि न मारलेल्याही, आणि शुक्रवारी तर पाणी नसतानाच मारलं. पानशेत निकालात निघालं. बहिणीला सांगितलं तर ती चक्क नाराज झाली.

काल ऑर्थोच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. खांदा आखडलाय. दिवाळीत ते पलंगावरून उजव्या कुशीवर पडले होते, तेव्हा एक्सरे काढला, हाड मोडलेलं नाही म्हणून आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. तेव्हापासून सहा महिने आम्ही रोज सकाळी तो हात धरून वर ओढत होतो. सहा महिने. मारायला ते डावा हात वापरायचे, कारण उजवा उठत नव्हता. हे माझ्या नजरेसमोर होतं आणि मी धरण फुटल्याच्या गोष्टी रचत होतो.

डॉक्टरांनी आंघोळीच्या अर्धा तास आधी पॅरासिटामोल आणि हलका शेक सांगितलाय, फिजिओ परवापासून. गंजीफ्रॉक बाद. पेरूगेटाजवळच्या शिंप्याने चार सुती बंड्या पुढून कापून नाड्या लावून दिल्या. दुखऱ्या हाताची बाही आधी चढवायची, काढताना शेवटी, हे डॉक्टरांनीच दाखवलं. बंडी घातल्यावर बाबांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "बाराबंदी? कोणाचं लग्न आहे?"

आज सकाळी मारलं नाही. मात्र गेल्या गुरुवारी मला एक बसली होती, आणि ती माझ्याच चुकीने. साडेनवाची मीटिंग होती, मी भराभर ओढत होतो. मनगट सोडवायची युक्ती जमली. बायकोशी सराव केला होता, शेजारच्या आजींनी खिडकीतून बघितला आणि त्यांचा गैरसमज झाला, तो वेगळाच.

संध्याकाळचं "घरी चला" आहेच. काल "घरी कोण कोण असतं?" विचारून पाहिलं. बाबांनी वाड्यातल्या एकूण एक बिऱ्हाडाची नावं सांगितली, जिन्याखालच्या कोळशाच्या दुकानासकट. पाऊण तास गेला. मग म्हणाले, "बरं, चला आता घरी." तर हे पूर्ण सुटलेलं नाही.

काका, गोळी लागली नाही.

---

कोथरूडचा_काका | बुधवार, सकाळी 6.50

वाचलं. सासऱ्यांचा कंबरेचा एक्सरे आम्ही कधी काढलाच नव्हता.

---

सुट्टी_रविवारी | बुधवार, दुपारी 2.10

दादा, मावशी मिळाली का? नसेल तर मी धायरीला असते, सदाशिव पेठ मला एका बसमध्ये पडते. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. पहिले तीन दिवस आंघोळ नाही घालणार, ते आधीच सांगते. नाश्ता तुमच्याकडे.

---

वाड्यातला | बुधवार, दुपारी 2.14

नाश्ता आमच्याकडे. वाटाणे आणून ठेवतो. बाबांना "अण्णा" म्हणा, छापखान्यात तेच म्हणायचे, आणि उजवीकडून बोला. चहा कपातून चालतो, साखर दीड चमचा. पत्ता खासगी निरोपात पाठवलाय.